टू-डू ॲपमध्ये काम असं लावा की कोणाकडं काय अडकलंय ते लगेच दिसेल

सोलापुरात छोटा धंदा करणाऱ्या कोणाचंही दिवसभराचं काम बघा, निम्म्याहून जास्त काम दुसऱ्याच्या हातात असतं. भिलवाड्याहून कापड यायचंय, काज-बटणाला माल गेलाय, शाळेच्या क्लार्क सरांनी मापांची यादी पाठवायचीय, सीएकडून चलन यायचंय. आपण स्वतः बसून करायचं काम दिवसात थोडंच, बाकी सगळं कोणाला तरी विचारणं, आठवण करणं, परत विचारणं. आणि टू-डू ॲप कसं वापरायचं हे सांगणारे बहुतेक व्हिडिओ एकट्यानं लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसासाठी असतात, त्यात स्वतःची कामं नीट लावायला शिकवतात पण दुसऱ्याकडं अडकलेल्या कामाचं काय करायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून आपली लोकं ॲप घेतात, थोडे दिवस वापरतात, आणि परत व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवत बसतात.

मी इथं गणवेश शिवायच्या छोट्या युनिटचं उदाहरण धरून सांगतो कारण तेच काम मी रोज बघतो. तुमचं टॉवेल-चादरीचं असेल, किराणा असेल, क्लासेस असतील, तरी ऑर्डर ह्या शब्दाच्या जागी तुमचा शब्द टाका, पद्धत तीच.

आधी ॲप कुठलं ते पटकन उरकतो. तीन चांगली आहेत आणि तिन्ही फुकट सुरू करता येतात. गूगल टास्क्स सगळ्यात साधं, जीमेल आहे म्हणजे ते आहेच, तारीख टाकली की गूगल कॅलेंडरवर दिसतं, एका कामाखाली बारीक कामं टाकता येतात. पण त्यात लेबल, म्हणजे कामाला लावायची खूण, नाही. मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये माय डे नावाचं पान आहे, ते रोज रात्री रिकामं होतं आणि सकाळी आजचं काय ते आपण निवडायचं, ही सोय मला फार आवडते. तिसरं टूडूइस्ट, २००७ पासून चालू आहे, त्यात प्रोजेक्ट, प्रोजेक्टच्या आत सेक्शन, लेबल, आणि तारीख नुस्ती लिहून टाकायची सोय, हे सगळं आहे. फुकट प्लॅनमध्ये सध्या ५ प्रोजेक्ट मिळतात आणि छोट्या धंद्याला तेवढे पुरतात, कसे ते पुढं सांगतो. माझं मत स्पष्ट आहे, ज्याचं काम चार लोकांच्या हातातून जातं त्यानं लेबल असलेलं ॲप घ्यावं, म्हणून पुढचं सगळं टूडूइस्ट धरून लिहिलंय. बाकी दोन वापरणाऱ्यांसाठी जिथं फरक आहे तिथं सांगेन.

पहिलं काम, इनबॉक्स. ॲपमध्ये इनबॉक्स आधीपासून असतोच, दिवसभरात जे डोक्यात येईल ते तिथं टाकायचं, कुठल्या प्रोजेक्टमध्ये जाईल, कधी करायचं ह्याचा विचार त्या वेळी करायचा नाही. माग चालू आहेत, मशीनचा आवाज आहे, हातात माल आहे, अशा वेळी टाइप कोण करणार, म्हणून फोनच्या होम स्क्रीनवर ॲपचं विजेट ठेवा आणि जीबोर्डचा (गूगलचा कीबोर्ड) माइक मराठीवर लावून ठेवा, "क्लार्क सरांना पाचवीच्या मुलींची मापं मागायची" असं बोललं की लिहून येतं. शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे, संध्याकाळी कळण्याइतकं असलं की झालं. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर पण तिथंच कॉपी करून टाका, मेसेजला स्टार मारून ठेवायची सवय सोडा, कारण स्टार मारलेला मेसेज उद्या तुमच्या समोर आपोआप येत नाही.

रात्री दुकान-कारखाना बंद झाला की दहा मिनिटं इनबॉक्स रिकामा करायचा. एकेक ओळ घ्यायची आणि ठरवायचं, हे माझं काम का दुसऱ्याचं, कुठल्या ऑर्डरचं, कोणत्या दिवशी हात घालायचा. काही ओळी पुसूनच टाकायच्या असतात, त्या बिनधास्त पुसा.

आता काम लिहायचं कसं, इथं बहुतेक याद्या बिघडतात. "पंढरपूर शाळा" हे काम नाही. "जीएसटी" हे काम नाही. "बटण" हे पण काम नाही. सकाळी नऊ वाजता ती ओळ वाचून हात लगेच कशाला लावायचा हे कळत नसेल तर ती ओळ परत लिहा. "बटण" ऐवजी "पांढरी चार होलची बटणं किती शिल्लक आहेत ते मोजणे". "पंढरपूर शाळा" ऐवजी "पंढरपूरच्या मॅडमना फोन, पॅन्टचा रंग नेव्ही का राखाडी ते फायनल करणे". थोडं लांब होतं पण वाचलं की हात चालतो, आणि महत्त्वाचं म्हणजे ती ओळ तुमच्याऐवजी भावाला किंवा मुलाला वाचायला दिली तरी त्याला कळतं काय करायचंय.

प्रोजेक्ट लावताना लोकं प्रत्येक ऑर्डरचा वेगळा प्रोजेक्ट करतात आणि पाचव्या ऑर्डरला फुकट प्लॅन संपतो. त्याची गरज नाही. "ऑर्डरी" नावाचा एकच प्रोजेक्ट करा आणि त्यात प्रत्येक ऑर्डरचा एक सेक्शन. सेक्शनच्या नावातच तीन गोष्टी घाला, कोण, किती, कधी द्यायचंय: "पंढरपूर शाळा, ४०० जोड, १० जून". डिलिव्हरीची तारीख अशी नावातच असली की ती सतत डोळ्यासमोर राहते. बाकी प्रोजेक्ट असे: "सरकारी आणि बँक", "मशीन आणि जागा", "घर", आणि एक "नंतर कधीतरी". पाच झाले. नंतर कधीतरी मध्ये नवीन ओव्हरलॉक मशीनची चौकशी, वेबसाइट काढायची, छपरावर सोलर बसवायचं, असली कामं जातात, तिथं तारीख टाकायची नाही आणि रोज बघायचं पण नाही.

आता एक ऑर्डर पूर्ण उलगडून बघू. शाळेचा गणवेश ४०० जोड, तर सेक्शनमध्ये कामं साधारण अशी येतात:

मापं घेणे किंवा साइजचा तक्ता मागवणे
इयत्तेप्रमाणे साइजचा हिशोब, किती मीटर कापड लागेल ते काढणे
ॲडव्हान्स मागणे
कापडाची ऑर्डर देणे
एक सॅम्पल शिवून शाळेला दाखवणे, होकार लेखी घेणे
लोगोची एम्ब्रॉयडरी
कटिंग
शिलाई
काज-बटण
धागा कटिंग आणि चेकिंग
प्रेस
साइजप्रमाणे पॅकिंग, पेटीवर इयत्ता लिहिणे
बिल, लागत असेल तर ई-वे बिल
ट्रान्सपोर्टला देणे, पावतीचा फोटो शाळेला पाठवणे
पेमेंट

ही यादी दर ऑर्डरला नव्यानं लिहायची नाही. "नमुना" नावाचा एक सेक्शन कायमचा ठेवा, त्यात ही सगळी यादी तारखेशिवाय, आणि नवीन ऑर्डर आली की सेक्शनच्या मेनूमधून डुप्लिकेट करा, नाव बदला, जे लागू नाही ते पुसा. दर सीझनला एखादी गोष्ट नवीन कळते, जसं की सॅम्पलचा होकार व्हॉट्सॲपवर फोटोसकट घेतला पाहिजे, ती लगेच नमुन्यात टाकून ठेवा म्हणजे पुढच्या सगळ्या ऑर्डरींना ती मिळते. गूगल टास्क्समध्ये सेक्शन नाहीत, तिथं प्रत्येक ऑर्डरची वेगळी लिस्ट करा, आणि नमुना नोट्समध्ये लिहून ठेवून कॉपी करा.

आणि एक, सगळ्या पंधरा कामांना पहिल्याच दिवशी तारीख टाकू नका. कटिंग कधी होणार ते कापड कधी येणार त्याच्यावर, कापड कधी येणार ते ॲडव्हान्स कधी मिळाला त्याच्यावर. आज अंदाजानं टाकलेल्या तारखा आठवड्यात खोट्या ठरतात आणि मग ॲप उघडलं की लाल रंगाची रांग दिसते. प्रत्येक ऑर्डरचं फक्त पुढचं एक काम, फार तर दोन, ह्यांनाच तारीख. ते टिक झालं की खालच्याला तारीख द्यायची. यादी किती जरी लांब असली तरी आजच्या पानावर प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ येते, म्हणजे सात ऑर्डरी चालू असल्या तरी माणूस गोंधळत नाही.

आता मुख्य गोष्ट, वाट.

"वाट" नावाचं एक लेबल करा. टूडूइस्टमध्ये ॲटचं चिन्ह टाकून पुढं नाव लिहिलं की लेबल तयार होतं, मराठीत लिहिलं तरी चालतं. जे काम तुम्ही दुसऱ्याकडं सोपवलं आणि आता त्याची वाट बघताय त्याला हे लेबल लावायचं. काम दिलं म्हणजे झालं असं समजून टिक करायचं नाही, कारण माल काज-बटणाला गेला म्हणजे काज-बटण झालं असं नाही ना. टिक कधी करायचं, तर माल परत आपल्या टेबलावर आला, मोजला, तेव्हा.

काम दिल्याबरोबर त्याचं नाव बदला आणि माणसाचं नाव सगळ्यात पुढं घ्या: "अण्णा, काज-बटण, २०० शर्ट, १२ मेला दिले". सुरुवातीला माणूस, मग काय, मग किती, मग कधी दिलं. असं लिहिलं की वाट हे लेबल उघडल्यावर सरळ माणसांची यादी दिसते, अण्णांकडं काय काय आहे, कटिंग मास्तरांकडं काय आहे, सीएकडं काय, शाळेकडं काय. अण्णांचा फोन दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आला तरी तेवढ्यात यादी बघून सगळ्या गोष्टी एका फोनमध्ये विचारता येतात.

वाटच्या कामाला तारीख कुठली टाकायची हे नीट समजून घ्या कारण सगळं ह्याच्यावर आहे. अण्णा म्हणाले १५ ला देतो, तर तारीख १५ टाकायची नाही, १४ टाकायची. १५ ला विचारलं आणि झालं नसेल तर तो दिवस गेला, १४ ला विचारलं तर अजून एक रात्र हातात असते आणि गरज पडली तर निम्मा माल दुसरीकडं देता येतो. म्हणजे ॲपमधली तारीख ही आपण विचारायची तारीख, त्यांनी द्यायची तारीख कामाच्या नावात किंवा खालच्या डिस्क्रिप्शनमध्ये.

विचारताना पण जरा नेमकं विचारावं लागतं.

"अण्णा, २०० शर्टचं काय झालं?"

"होतंय की मालक, उद्या देतो."

"उद्या सकाळी का संध्याकाळी? संध्याकाळी असंल तर मी पोराला सहाला पाठवतो."

"सहाला पाठवा."

आता ह्यातून एक खरी तारीख आणि खरी वेळ मिळाली, ती लगेच फोनवर बोलता बोलता कामावर टाका आणि कमेंटमध्ये एक ओळ, "१४ मे, म्हणाले उद्या सहा वाजता". तारीख पुढं ढकलली गेली की दर वेळी कमेंटमध्ये एक ओळ वाढते. दोन महिन्यांनी तुम्हाला कोण बोललेल्या दिवशी देतो आणि कोण किती दिवस लावतो हे स्वच्छ कळतं, भांडणासाठी म्हणून नाही, पुढच्या ऑर्डरीला तेवढे दिवस आधीच धरायला. एखादे अण्णा कायम दोन दिवस उशिरा देतात पण काम एक नंबर असतं, तर त्यांना दोन दिवस आधीची तारीख सांगण्यापेक्षा आपल्याच हिशोबात दोन दिवस जास्त धरा, संबंध टिकतात.

गूगल टास्क्सवाल्यांनी वाट नावाची वेगळी लिस्ट करावी, काम दिलं की त्या लिस्टमध्ये हलवायचं. मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये कामाच्या नावात हॅशटॅग टाकता येतो, तोच वाटसाठी वापरा.

पेमेंट पण वाटमध्येच. बिल दिलं त्याच दिवशी "पंढरपूर शाळा, बाकी पेमेंट" असं काम तयार करून विचारायची पहिली तारीख टाका. आपण उद्यममध्ये, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेले असू आणि माल घेणारी कंपनी असेल तर कायद्यानं लेखी करार नसेल तेव्हा १५ दिवसात आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे मिळायला पाहिजेत, म्हणून कॉर्पोरेट गणवेशाच्या बिलाला ४० व्या दिवशीची तारीख टाका आणि त्या दिवशी नम्रपणे मेल करा. तारीख आपोआप समोर आली की मागायला अवघड वाटत नाही.

लेबलमध्ये अजून एकच प्रकार ठेवा, जागेचा. "फोन", "शहर", "एमआयडीसी", "घरकुल". नवी पेठेत बँकेत गेलात तर शहर लेबल उघडा, तिथली अजून दोन कामं निघतील. विडी घरकुलाकडं धागा कटिंगला दिलेला माल आणायला कोणी निघालं तर घरकुल लेबलमध्ये बघून दुसऱ्या मावशींचा हिशोब पण द्यायला सांगता येतो. मे महिन्यात दुपारी अक्कलकोट रोडवरून शहरात दोनदा येणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, पारा चाळीसच्या वर असतो. ह्याच्यापलीकडं लेबल वाढवू नका. "अर्जंट", "महत्त्वाचं", "लवकर" असली लेबलं पंधरा दिवसात निम्म्या यादीला लागतात आणि मग त्याला अर्थ राहत नाही. घाईचं काम असंल तर त्याला प्रायॉरिटी पी१ द्या, लाल दिसतं, आणि दिवसात लाल तीनपेक्षा जास्त नको.

परत परत येणारी कामं ॲपवर सोडून द्या, हा तर ॲपचा सगळ्यात मोठा फायदा. टूडूइस्टमध्ये कामाचं नाव मराठीत आणि पुढं तारीख इंग्रजी अक्षरात टाइप करायची, आकडा पण इंग्रजी, म्हणजे "जीएसटीची बिलं सीएला पाठवणे" आणि पुढं एव्हरी सेव्हन्थ (every 7th) असं लिहिलं की दर महिन्याच्या ७ तारखेला ते येत राहतं. दर महिन्याला भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ रिटर्नची मुदत ११ आणि जीएसटीआर-३बी ची २० असते, पीएफ आणि ईएसआयची १५. पण ॲपमध्ये ह्या तारखा टाकू नका, त्याच्या चार दिवस आधी आपल्याकडचा कागद सीएकडं जायला पाहिजे ती तारीख टाका. शेवटच्या दिवशी सगळा देश पोर्टलवर असतो, तेव्हा ते काम करण्यात अर्थ नाही.

इथं एक बारीक गोष्ट लोकांना माहिती नसते आणि ती लै उपयोगाची आहे. एव्हरी नुस्तं लिहिलं तर पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. एव्हरीला चिकटून उद्गारचिन्ह टाकलं तर पुढची तारीख तुम्ही ज्या दिवशी टिक केलं त्या दिवसापासून मोजली जाते. आपल्याकडं पाण्याचंच उदाहरण घ्या. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, आणि कधी एक दिवस पुढं सरकतं. "टाकी भरणे" ला नुस्तं एव्हरी ४ डेज लावलं आणि एकदा पाणी दिवसभर उशिरा आलं तर त्यानंतर ॲप कायम एक दिवस आधीच सांगत बसणार. उद्गारचिन्हासकट लावलं तर पाणी ज्या दिवशी खरंच आलं आणि टिक केलं तिथून चार दिवस मोजणार. मशीनला तेल, ओव्हरलॉकची सर्व्हिसिंग, गॅस सिलिंडर, आईच्या बीपीच्या गोळ्या, आरओचा फिल्टर, ही सगळी उद्गारचिन्हवाली कामं. जीएसटी, बँकेचा हप्ता, विम्याचा हप्ता, शाळेची फी, ही नुस्त्या एव्हरीची. एकदा हा फरक हाताला बसला की अर्धा त्रास जातो.

वर्षाचं कॅलेंडर पण एकदा बसून टाका, आणि ते सोलापूरचं टाका. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, असते, नंदीध्वजाची मिरवणूक, अक्षता सोहळा, त्या दिवसात कारागीर येणार नाहीत आणि यायला सांगू पण नये, वर्षाचा सण आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, पद्मशाली समाजातले कारागीर असतील तर तो दिवस सुट्टीच धरा. १४ एप्रिल, आषाढीला पंढरपूरकडं जाणारी गर्दी, दिवाळीचा आठवडा. "रथोत्सव, काम बंद" अशी ओळ त्या तारखेला टाकून ठेवली की त्या आठवड्यात डिलिव्हरी कबूल करताना आधीच दिसतं. १४ एप्रिलसारखे ठरलेले दिवस सोडले तर बहुतेक सणांच्या तारखा तिथीवर असल्यामुळं दरवर्षी सरकतात, म्हणून ह्यांना रिपीट लावायचं नाही, नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्या दिवशी हातानं टाकायच्या.

गणवेशवाल्यांनी १५ जूनपासून उलटं मोजावं. महाराष्ट्रातल्या शाळा साधारण तेव्हा उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळं जूनच्या शेवटाकडं. म्हणजे विदर्भाची ऑर्डर असेल तर थोडी हवा मिळते, ती ऑर्डर मागं ठेवून इकडची आधी काढता येते. सेक्शन वरखाली ओढता येतात, तर ज्याची डिलिव्हरी आधी तो सेक्शन वर, हा एकच नियम ठेवा. कोणाचा फोन जास्त आला म्हणून सेक्शन वर घ्यायचा नाही.

सकाळी काय करायचं, तर टुडे, म्हणजे ॲपमधलं आजचं पान, उघडायचं. मागं राहिलेलं वर दिसतं, त्याला रीशेड्यूलचं बटण असतं, पण सगळं एकदम उद्यावर ढकलायचा मोह आवरा. एकेक ओळ बघा आणि विचारा, हे का राहिलं? वेळ नव्हता म्हणून, का कोणाची तरी वाट होती म्हणून? दुसरं कारण असेल तर त्याला वाट लावा आणि माणसाचं नाव पुढं घ्या. बऱ्याच वेळा एखादी ओळ आठवडाभर लोंबकळत असते ती ह्याच कारणानं, आपण ती आपली समजत असतो आणि खरं म्हणजे शाळेकडून रंगच फायनल झालेला नसतो. मग आजची यादी स्वतःच्या हातानं लावा, आधी फोन, कारण सकाळी दहा-अकराला लोकं सापडतात, मग बसून करायची कामं. दिवसाला सात-आठ ओळी पुरे. वाटचे फोन सलग एकाच वेळी करा, अर्ध्या तासात सगळे होतात.

मग लोकांना ॲपमध्ये घ्यायचं का? हा प्रश्न येतोच. घरातला भाऊ, बायको, मुलगा, हिशोब बघणारा माणूस, ह्यांच्याबरोबर ऑर्डरींचा प्रोजेक्ट शेअर करा, काम कोणाच्या नावावर आहे ते लावता येतं आणि त्यांनी टिक केलं की तुम्हाला कळतं. कटिंग मास्तरांना, अण्णांना, मावशींना ॲप घ्यायला लावू नका. त्यांचं काम हातानं चालतं, त्यांच्याशी फोनवर किंवा समोर बोलायचं, ॲप आपण सांभाळायचं. मास्तरांसाठी त्या दिवसाची कटिंगची यादी कागदावर लिहून टेबलावर चिकटवली तर त्यांना ती जास्त उपयोगी पडते, आणि संध्याकाळी त्यांनी काट मारलेला कागद बघून आपण टिक करायचं. ज्याला जे सोपं ते त्याला द्यावं.

आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी म्हणा, जरा निवांत बसून सगळे सेक्शन वरपासून खालपर्यंत वाचा. एकच गोष्ट तपासायची, प्रत्येक ऑर्डरीत एक तरी ओळ तारखेसकट आहे का. जिथं एकही तारीख नाही ती ऑर्डर झोपलीय, तिला पुढचं काम द्या. वाट लेबल उघडून जुन्यात जुनी ओळ कुठली ते बघा. नंतर कधीतरी पण महिन्यातून एकदा चाळा, त्यातली काही कामं आपोआप निरर्थक झालेली असतात.

फोनची एक सेटिंग बघून घ्या. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारे ॲप बंद करतात आणि मग आठवण येतच नाही. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करा. नोटिफिकेशन मात्र फक्त वेळेच्या कामांना ठेवा, ट्रान्सपोर्टची गाडी किती वाजता, मॅडमना किती वाजता भेटायचंय एवढ्यांनाच, नाहीतर फोन दिवसभर वाजतो आणि माणूस बघायचंच सोडतो. आणि महिन्याला एकदा चालू ऑर्डरींची यादी दुसरीकडं काढून ठेवा, एक्स्पोर्ट करा नाहीतर स्क्रीनशॉट घ्या. वंडरलिस्ट नावाचं लै चांगलं ॲप होतं, मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. लोकांना याद्या हलवायला वेळ दिला होता, पण ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांना पळापळ झाली असणार.

ऑर्डर गेली, पेमेंट खात्यात आलं, की शेवटची ओळ टिक करायच्या आधी तिच्या कमेंटमध्ये चार गोष्टी लिहा: कापड किती मीटर लागलं, कुठल्या साइजचे नग कमी पडले, शिलाईला खरे किती दिवस गेले, शाळेनं पैसे किती दिवसात दिले. मग टिक करा आणि सेक्शन आर्काइव्ह करा. पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच शाळेचा फोन आला की तो जुना सेक्शन उघडायचा, भाव सांगायच्या आधी त्या चार ओळी वाचायच्या, आणि सातवीच्या मुलांचे मोठे नग ह्या वेळी थोडे जास्तच कापायचे.